जिनिंगच्या जुन्या कॉम्प्युटरातली १४ वर्षांची मेल नव्यात कशी न्यावी?

मुनीमजी_वणीरोड · सोमवार, रात्री ९:१४

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, हिशेबाचं काम पाहतो. सीझन आटोपला, जिन बंद आहे, शेठ लग्नांच्या पंगतीत गुंतलेत, म्हणून हे कधीचं लांबलेलं काम काढलं.

ऑफिसातला कॉम्प्युटर २०१२ चा. विंडोज ७, त्यात आउटलुक २००७. तेव्हापासूनच्या सगळ्या मेल त्याच्यातच आहेत. सौदे, गठाणींच्या याद्या, लॅबचे रिपोर्ट, ट्रकच्या बिल्ट्या, कोइमतूरच्या गिरणीवाल्यांशी मायक्रोनेअरवरून (धाग्याच्या तलमपणाच्या मापावरून) झालेली भांडणं, सगळं. जुनी कोणतीही गोष्ट निघाली की शेठ म्हणतात, "मुनीमजी, मेल काढा." मी काढून देतो.

गेल्या आठवड्यापासून सीपीयूतून टक्... टक्... असा आवाज येतोय. खोलून पाहिला तर पंख्यावर रुईचा एवढा थर, की आईनं वाती वळायला घेतली असती. साफ केला. आवाज तसाच.

नवा कॉम्प्युटर आणलाय, विंडोज ११ चा. दुकानदार म्हणाला, मेल आयडी-पासवर्ड टाका, सगळं आपोआप येऊन जाते. टाकला. आल्या ९ मेल, त्याही परवापासूनच्या. जुन्यात एकट्या इनबॉक्समध्येच ३१ हजारांवर आहेत. आता काय करू?

वऱ्हाडी_ठेचा · सोमवार, रात्री ९:३१

मुनीमजी, काहून एवढे घाबरून राह्यले? मेल काय कॉम्प्युटरात असते का बावा, ते तर इंटरनेटवर असते. माह्या मोबाइलात पाहा, २०१५ पासूनच्या मेल दिसून राह्यल्या. तुमीच काहीतरी चुकीचं टाकलं असन.

सरकी_ढेप · सोमवार, रात्री ९:४०

पेनड्राइव्हमध्ये घ्या अन् विषय संपवा.

तुरीची_शेंग · सोमवार, रात्री १०:०८

ठेचाभाऊ, तुमचं जीमेल आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मुनीमजींचा आयडी त्यांच्या फर्मच्या नावाचा असणार, आणि आउटलुकमध्ये तो पॉपनं जोडलेला असणार. मी बरीच वर्षं एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर होते, हे दुखणं पाठ आहे.

पॉप म्हणजे पोस्टात जाऊन टपाल उचलायचं आणि घरच्या ट्रंकेत टाकायचं. पोस्टात मागे काही उरत नाही. आयमॅप म्हणजे टपाल पोस्टातच राहतं, तुम्ही जाऊन वाचून येता. मोबाइलवर दिसतं ते हे दुसरं. आउटलुक २००७ मध्ये पॉप जोडताना "सर्व्हरवर प्रत ठेवा" या ओळीपुढे आपण मुद्दाम खूण केली नाही, तर मेल उतरली की तिकडची पुसली जाते. म्हणजे मुनीमजींची १४ वर्षांची ट्रंक त्या टकटक करणाऱ्या डिस्कमध्येच आहे, दुसरीकडे कुठेही नाही. त्या ९ मेल आल्या, त्या जुना कॉम्प्युटर बंद असताना पोस्टात पडून होत्या, एवढंच.

त्यामुळे मुनीमजी, सगळ्यात आधी नव्या कॉम्प्युटरात मेल उतरवणं थांबवा. दोन्ही मशिनी पॉपनं ओढत राहिल्या तर काही मेल इकडे, काही तिकडे पडतील. नंतर निवडायला बसाल तर तांदळातून खडे काढल्यासारखं होईल.

दुसरं, जुना कॉम्प्युटर उगाच चालू ठेवू नका. अँटिव्हायरस स्कॅन नको, डिफ्रॅग नको, "डिस्क चेक" तर अजिबात नको. डिस्क जितके तास जगणार आहे, ते सगळे तास कॉपीसाठी राखून ठेवा.

तिसरं, फाइल. आउटलुकमध्ये फाइल मेनू, त्यात डेटा फाइल मॅनेजमेंट. तिथे ओळ निवडून "ओपन फोल्डर" दाबा की नेमकं फोल्डर उघडतं. हाताने शोधायला जाऊ नका. ते अ‍ॅपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, लोकल, मायक्रोसॉफ्ट, आउटलुक असं खोल असतं. तिथे शेवटी पीएसटी असलेली फाइल म्हणजे तुमची ट्रंक. मेल, पत्ते, कॅलेंडर सगळं तिच्यात असतं. आउटलुक पूर्ण बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये मागे चालू नाही ना ते पाहा, आणि अख्खं फोल्डर कॉपी करा.

आणि बंद करण्याआधी एका कागदावर इनबॉक्स किती, सेंट किती, सगळ्यात जुनी मेल कोणत्या तारखेची, एवढं लिहून ठेवा.

धानपट्टा · सोमवार, रात्री १०:२६

शेंगताई सांगतात ते मनावर घ्या मुनीमजी. आमची तांदळाची मिल आहे, भंडारा जिल्ह्यात. २०१६ मध्ये विंडोज बिघडलं म्हणून सीपीयू तालुक्याच्या एका दुकानात दिला. पोरानं विचारलं, "काका, डेस्कटॉप अन् माय डॉक्युमेंट घेऊ ना?" म्हटलं, घे सगळं. त्यानं प्रामाणिकपणे तेच दोन घेतले आणि सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. घरी आणून आउटलुक उघडलं तर कोरंकरकरीत. परत नेला, तो म्हणाला, "काका, तुमीच म्हटलं होतं." त्याचंही खरंच होतं. त्याला ते लपवलेलं फोल्डर माहीत नव्हतं, अन् मलाही नव्हतं. एका व्यापाऱ्याकडून येणं होतं, त्याची कबुली त्या मेलमध्ये होती. बोला आता.

तेव्हापासून आउटलुक सोडून थंडरबर्ड नावाचं मेलचं दुसरं सॉफ्टवेअर वापरतो.

सायबर_काकू · सोमवार, रात्री १०:४४

आमचं सेवा केंद्र आहे, दिग्रसकडे. हिशेबवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. जीएसटी कायद्यात वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागदपत्रं जपायची असतात. बिलं पीडीएफमध्ये मेलवरच येतात, कुणी छापून ठेवत नाही. मेल गेली की बिल गेलं. नोटीस आली की लोक धावत आमच्याकडे येतात, "काकू, डाउनलोड करून द्या ना." कुठून करून देऊ?

मुनीमजी_वणीरोड · मंगळवार, दुपारी १२:५०

शेंगताई, धन्यवाद. फोल्डर सापडलं. आउटलुक.पीएसटी, ११.६ जीबी. मोजणी लिहून ठेवली: इनबॉक्स ३१,४०८, सेंट १२,९७०.

पण कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, पूर्ण रिकामा, कालच आणला. तरी म्हणतो फाइल फार मोठी आहे. दुकानदारानं डुप्लिकेट पेनड्राइव्ह दिला का? बाहेर नवतपा, आत पंखा गरम हवा फेकतोय, अन् हा डबा टकटकतोय. डोकं फिरायची वेळ आली.

तुरीची_शेंग · मंगळवार, दुपारी १:२०

दुकानदाराला शिव्या देऊ नका, पेनड्राइव्ह चांगला आहे. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीनं आखलेले येतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहूच शकत नाही, पेनड्राइव्ह कितीही मोठा असो. पोत्यात जागा आहे, पण तोंड अरुंद आहे. नव्या कॉम्प्युटरात लावून उजव्या बटणानं फॉरमॅट घ्या आणि फॅट३२ ऐवजी एक्सफॅट निवडा. विंडोज ७ ला एक्सफॅट वाचता येतं.

आणि दुपारी चालवूच नका हो. डिस्क आजारी, वर ४५ अंश. रात्री किंवा पहाटे करा.

सरकी_ढेप · मंगळवार, दुपारी १:३३

डिस्क टकटक करत असेल तर पॉलिथीनमध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. माझ्या साडूनं केलं होतं, चालली.

तुरीची_शेंग · मंगळवार, दुपारी १:४१

ढेपभाऊ, हात जोडते. फ्रीजरमधली डिस्क ४५ अंशांच्या खोलीत काढली की तिच्यावर दव धरतं, माठाला पाझर फुटतो तसं. ते पाणी आत चकतीवर बसलं की उरलेलंही गेलं. साडूचं नशीब जोरावर होतं.

मास्तर_मेळघाट · मंगळवार, संध्याकाळी ६:०५

थोडं विषयांतर करतो, माफ करा. मी शाळेच्या २००९-१० च्या मेल मागेच नव्या लॅपटॉपवर आणल्या. उघडतात, पण मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा पालापाचोळा. डेटा खराब झाला का?

तुरीची_शेंग · मंगळवार, संध्याकाळी ६:५०

नाही सर, डेटा ठणठणीत आहे. तो मजकूर कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणार. त्या फॉन्टांत आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त मराठी कपडे घातलेले. कृतिदेवात "महारा" असं लिहिलं की फाइलीत प्रत्यक्षात ई, जी, के, जे, के एवढंच जातं. नव्या लॅपटॉपमध्ये तो फॉन्ट नाही म्हणून कपडे उतरले. तुमच्या पालापाचोळ्यात ई, जी, के, जे फार दिसत असतील तर कृतिदेवच समजा.

मजकूर वर्डमध्ये चिकटवून तो फॉन्ट लावा, मराठी दिसेल. कायमचं हवं असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या. पण मूळ मेल पुसू नका. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात.

मास्तर_मेळघाट · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

ई, जी, के, जे! अगदी हेच. पहिल्याच ओळीत आहे. मी सात वर्षं समजत होतो व्हायरस लागला.

मुनीमजी_वणीरोड · मंगळवार, रात्री ११:०२

एक्सफॅट केलं. कॉपी सुरू झाली. ६० टक्क्यांवर गेली अन् वादळ सुटून लाइन गेली. यूपीएसची बॅटरी मागच्या दिवाळीतच मेलेली. लाइन आल्यावर पाहतो तर पेनड्राइव्हवर अर्धवट फाइल, परत शून्यापासून करा म्हणतोय. आवाज वाढलाय.

तुरीची_शेंग · मंगळवार, रात्री ११:१८

आता नेहमीची कॉपी सोडा. विंडोज ७ मध्ये रोबोकॉपी नावाची आज्ञा आधीपासून आहे, काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये चालते. रोबोकॉपी, पुढे जुनं फोल्डर, पुढे पेनड्राइव्हचं फोल्डर, आणि शेवटी तिरपी रेघ देऊन झेड. या झेडमुळे मध्येच तुटलं तरी जिथे थांबलं तिथून पुढे उचलतं. थोडं हळू चालतं, चालू द्या.

झेडच्या पुढे आणखी दोन गोष्टी विसरू नका: तिरपी रेघ, आर, विसर्गासारखी दोन टिंबं, १. तसंच डब्ल्यूचं. न वाचता येणाऱ्या तुकड्यावर किती वेळा डोकं आपटायचं हे आर ठरवतं, मध्ये किती सेकंद थांबायचं हे डब्ल्यू. तुम्ही काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी १० लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. मरणाऱ्या डिस्कवर असं होऊ दिलं तर तीच तिची शेवटची रात्र. आणि यूपीएस कुणाकडून तरी मागून आणा.

वऱ्हाडी_ठेचा · मंगळवार, रात्री ११:२५

१० लाख वेळा! आमच्या तलाठ्याकडे चकरा माराले पाठवा लागते याले.

मुनीमजी_वणीरोड · बुधवार, सकाळी ७:४०

झालं! पहाटे साडेचारला बसलो, शेजारच्या कृषी केंद्रातून यूपीएस उचलून आणला. डिस्क फार सावकाश चालत होती म्हणून अख्ख्या फोल्डरऐवजी आउटलुक.पीएसटी एवढीच फाइल घेतली. दोनदा अडखळली, पण पूर्ण आली. दोन्हीकडे आकार तंतोतंत सारखा. जुना कॉम्प्युटर बंद करून वर गमछा टाकून ठेवलाय.

तुरीची_शेंग · बुधवार, सकाळी ८:०५

शाब्बास. एकच फाइल घेतलीत ते मला फारसं आवडलं नाही, पण ठीक. आता पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका. नव्या कॉम्प्युटरच्या सी ड्राइव्हवर "मेल" नावाचं फोल्डर करून तिथे प्रत ठेवा आणि पेनड्राइव्हवरची मूळ म्हणून तशीच राहू द्या. नव्यातलं आउटलुक कोणतं आहे?

मुनीमजी_वणीरोड · बुधवार, दुपारी ३:१०

दोन घोळ झाले.

एक, फाइल डॉक्युमेंट्समध्ये टाकली होती. तासाभरात वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा) निरोप आला की जागा भरली. मी वनड्राइव्ह कधी चालूच केलं नाही!

दोन, नव्यातल्या आउटलुकात "डेटा फाइल उघडा" अशी ओळच सापडत नाही. दुकानदार म्हणतो ऑफिस होम टाकून दिलंय, पक्कं बिल आहे.

तुरीची_शेंग · बुधवार, दुपारी ३:४५

विंडोज ११ मध्ये पहिल्यांदा खातं जोडताना डॉक्युमेंट्स फोल्डर गुपचूप वनड्राइव्हला बांधलं जातं. फुकट जागा ५ जीबी, तुमची फाइल ११.६. शिवाय पीएसटी उघडी असताना दर मिनिटाला बदलते, आणि ते बिचारं दर वेळी वर चढवायला धावतं. म्हणूनच सी ड्राइव्हवर वेगळं फोल्डर सांगितलं होतं.

ऑफिस होममध्ये वर्ड-एक्सेल असतं, जुन्या धाटणीचं आउटलुक नसतं. ते होम अँड बिझनेसमध्ये असतं. तुम्हाला दिसतंय ते विंडोजसोबत येणारं नवं आउटलुक. नाव तेच, घराणं वेगळं. पीएसटीशी त्याचं अजून पुरतं जमत नाही. शिवाय बाहेरचा मेल आयडी जोडला तर तुमच्या मेल मायक्रोसॉफ्टच्या ढगातून फिरून येतात. सौद्यांच्या मेल आहेत, तेव्हा शेठना एकदा विचारा.

शेठ खर्च करत असतील तर होम अँड बिझनेस घ्या आणि सरळ रस्त्यानं जा. नसतील तर थंडरबर्ड फुकट आहे, पण त्याला पीएसटी थेट गिळता येत नाही, चालतं आउटलुक शेजारी लागतं.

धानपट्टा · बुधवार, दुपारी ४:१२

ताई, सगळं जीमेलमध्ये चढवून टाकलं तर? कटकटच मिटली.

तुरीची_शेंग · बुधवार, दुपारी ४:३०

हिशेब करा. फुकटच्या जीमेलला १५ जीबी, त्यात मोबाइलचे फोटो आणि ड्राइव्ह दोन्ही धरून. ११.६ मेलनीच गेली. पैसे भरून वर्कस्पेस, म्हणजे गूगलचं धंदेवाल्यांसाठीचं जीमेल घेतलं तरी आयमॅपनं चढवायची मर्यादा दिवसाला ५०० एमबी. म्हणजे २४ दिवस. कापसाच्या गाड्या परवडल्या.

आणि तुमच्या थंडरबर्डचं कसं चाललंय? बॅकअप घेता का?

धानपट्टा · बुधवार, दुपारी ४:४१

अं... घ्यायचा असतो?

तुरीची_शेंग · बुधवार, दुपारी ५:०२

२०१६ मध्ये एकदा पोळलात ना काका! थंडरबर्डमध्ये हेल्प, त्यात ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर "ओपन" बटण. थंडरबर्ड बंद करा आणि ते अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर टाका. मेल, पत्ते, सेटिंग, साठवलेले पासवर्ड, सगळं त्याच्यातच. नव्या कॉम्प्युटरात थंडरबर्ड एकदा सुरू करून बंद करायचं आणि तिथल्या प्रोफाइल फोल्डरात हे सामान ओतायचं. आउटलुकवाल्यांना इतकं सोपं नशिबात नाही.

पण पासवर्डही जातात म्हणजे तो पेनड्राइव्ह गल्ल्याची किल्ली आहे. मिलच्या टेबलावर पडू देऊ नका.

मुनीमजी_वणीरोड · गुरुवार, सकाळी ११:२०

शेठनी होम अँड बिझनेस घेऊन दिलं, कुरकुरत. फाइल सी ड्राइव्हवर ठेवली. इम्पोर्ट करू की उघडू?

तुरीची_शेंग · गुरुवार, सकाळी ११:२६

उघडा. फाइल, ओपन अँड एक्सपोर्ट, ओपन आउटलुक डेटा फाइल. इम्पोर्ट केलंत तर ११.६ जीबीची दुसरी प्रत तयार होईल आणि अर्धा दिवस जाईल. उघडलीत की डावीकडे फोल्डरांचं वेगळं झाड दिसेल.

मुनीमजी_वणीरोड · गुरुवार, दुपारी १:१५

दिसलं!! इनबॉक्स ३१,४०८. सेंट १२,९७०. कागदाशी जुळलं. हिवाळ्यात मिळालं असतं तर तुमच्या घरी संत्र्याची पेटी पाठवली असती, आता संत्र्याचा मोसम नाही.

मुनीमजी_वणीरोड · गुरुवार, दुपारी २:५५

ताई, घोटाळा आहे. शेठनी २०१३ चा एका गुजरातवाल्याचा सौदा काढा म्हटलं. शोधलं, काहीच नाही. त्याचं नाव टाकलं, नाही. "गठाण" टाकलं तर मोजक्याच मेल. १४ वर्षांत फक्त एवढ्या?

तुरीची_शेंग · गुरुवार, दुपारी ३:१०

शोध लगेच नीट चालणार नाही, नवी फाइल आहे. विंडोज तिची सूची बनवत असतं, एवढ्या मेलना एखादी रात्र लागू शकते. शोधाच्या पट्टीत इंडेक्सिंग स्टेटस पाहा, किती बाकी ते सांगेल. तोवर इनबॉक्स तारखेप्रमाणे लावा आणि अगदी तळाशी जा. कोणती तारीख दिसते?

मुनीमजी_वणीरोड · गुरुवार, दुपारी ३:१८

४ एप्रिल २०१६. त्याआधीचं काहीच नाही. पण मोजणी तर जुळली होती!

तुरीची_शेंग · गुरुवार, दुपारी ३:२४

मोजणी जुळणारच, जुन्या इनबॉक्समध्येही २०१६ नंतरचंच होतं. सगळ्यात जुनी तारीख लिहा असंही सांगितलं होतं, ती लिहिली नाहीत. आता आठवा. आउटलुक २००७ अधूनमधून एक खिडकी दाखवायचं, "जुन्या मेल आर्काइव्ह करू का?" तुम्ही काय दाबायचात?

मुनीमजी_वणीरोड · गुरुवार, दुपारी ३:३१

यस. ती सारखी यायची. एकदा कंटाळून यस दाबलं अन् मग ती खिडकीच बंद करून टाकली.

तुरीची_शेंग · गुरुवार, दुपारी ३:३३

आर्काइव्ह.पीएसटी. त्याच फोल्डरात, आउटलुक.पीएसटीच्या शेजारी. म्हणून अख्खं फोल्डर म्हणत होते.

वऱ्हाडी_ठेचा · गुरुवार, दुपारी ३:४०

मुनीमजी, गमछा काढा लागते आता.

मुनीमजी_वणीरोड · शुक्रवार, सकाळी ६:५५

रात्री झोप नाही. सव्वाचारला जिनिंगवर आलो, चौकीदारालाही वाटलं चोर आला. यूपीएस लावला, बटण दाबलं. पहिल्यांदा काळा पडदा, नुसतं टक्-टक्. बंद केलं. पाच मिनिटं थांबून पुन्हा. विंडोजचा झेंडा आला, हलेना. मी तिकडे पाहायचंच सोडून दिलं. बाहेर बाकावर जाऊन बसलो, सरकीच्या गोदामावरून थोडी गार हवा येत होती. परत आलो तर डेस्कटॉप समोर.

फोल्डर उघडलं. आर्काइव्ह.पीएसटी, ३.४ जीबी, रोज शेजारीच बसलेली. रोबोकॉपी, झेड, आर १, डब्ल्यू १, अन् या वेळी अख्खं फोल्डर. एका जागी थांबलं, चूक दाखवली, पुन्हा चालवलं, पुढे गेलं. ५:५० ला संपलं. नव्यात लावली तर म्हणते फाइलीत दोष आहे.

तुरीची_शेंग · शुक्रवार, सकाळी ७:२०

हरकत नाही, आली ना. पेनड्राइव्हवरची प्रत तशीच ठेवा, सी ड्राइव्हवरच्या प्रतीवर स्कॅनपीएसटी, म्हणजे पीएसटी दुरुस्त करायचं आउटलुकचंच साधन, चालवा. ऑफिसच्या प्रोग्रॅम फोल्डरातच असतं, मेनूत दिसत नाही. दुरुस्तीआधी बॅकअप घेऊ का विचारेल, हो म्हणा. एकदा संपलं की पुन्हा चालवा, दोष नाही म्हणेपर्यंत. ज्या मेलचं घर सापडत नाही त्या "लॉस्ट अँड फाउंड" फोल्डरात टाकतं, तिथेही पाहा.

मुनीमजी_वणीरोड · शुक्रवार, दुपारी १२:४०

तीनदा चालवलं. २०१२ ते २०१६ सगळं आलं. लॉस्ट अँड फाउंडमध्ये २१२ मेल पडल्या, त्यातल्या काहींची जोडलेली फाइल उघडत नाही. गुजरातवाल्याचा सौदा इनबॉक्समध्येच मिळाला, १०० गठाणी, खाली त्याचं "ओके कन्फर्म". शेठना प्रिंट दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली अन् म्हणाले, "हाच भाव होता का? मले वाटे जास्त होता."

नव्यात उतरलेल्या त्या ९ मेलही ओढून याच झाडात घातल्या. आता खातं आयमॅपनं जोडतो, म्हणजे पुढच्या मेल सर्व्हरवरही राहतील. होस्टिंगवाल्याला पेटीची जागा वाढवायला सांगितलं. जुन्या पीएसटी दोन ठिकाणी ठेवल्या, एक घरच्या कपाटात.

एक राहिलं. पत्ता टाइप करायला लागलं की पूर्वी नाव आपोआप पुढे यायचं, आता येत नाही.

तुरीची_शेंग · शुक्रवार, दुपारी १:०५

ती यादी आउटलुक २००७ वेगळ्या फाइलीत ठेवतं, शेवटी एनके२ असतं. ती अ‍ॅपडेटाच्या रोमिंग भागात, म्हणजे दुसऱ्याच फोल्डरात. तिच्यासाठी ती डिस्क पुन्हा चालू करायची का, ते तुम्ही ठरवा. मी तरी नाही करणार. पत्ते पंधरा दिवसांत आपोआप भरतील.

मुनीमजी_वणीरोड · शुक्रवार, दुपारी १:१२

नाही ताई. आता गमछा राहू द्या.

वऱ्हाडी_ठेचा · शुक्रवार, रात्री ९:५०

शेंगताई, खरं सांगतो, पहिल्या दिवशी मीच मुनीमजीले हसलो होतो. आज आमच्या दूध डेअरीच्या डब्यात जाऊन पाह्यलं. आउटलुकच हाये. आर्काइव्ह बी निघाली, ६ जीबीची. मले माहीतच नव्हती. उद्या सकाळी पेनड्राइव्ह घेऊन येतो बजारातून.

तुरीची_शेंग · शुक्रवार, रात्री ९:५८

आणा. लावल्यावर आधी एक्सफॅट करा.